मंठ्यापर्यंत गरम हवा

खोटं बोलायचं नाही असं मी वकील असूनही ठरवलेलं आहे. म्हणून आधीच सांगतो, माझ्या मोटारीतून गरम हवा येते असं मी जालन्यात सगळ्यांना सांगत असे, ते खरं होतं. ती एकदा आली होती. वैशाखात गाडी विकत घेतली त्या दिवशी आधीच्या मालकानं, म्हणजे छावणीतल्या एका गोऱ्या साहेबानं, एक खटका दाबला आणि समोरच्या पेटीतून असा काही झोत आला की आम्ही दोघंही दोन बाजूंची दारं उघडून बाहेर पडलो. साहेब म्हणाला, ही सोय थंड मुलखासाठी आहे. मी म्हणालो, असू द्या.

ही पेटी डाव्या बाजूला, बसणाऱ्याच्या पायांपुढं होती. काळी, लोखंडी, समोरून दोन चिमुकली दारं. इंजिनाचं तापलेलं पाणी नळीवाटे तिच्यात येई आणि आतला छोटा विजेचा पंखा त्या पाण्याची ऊब बाहेर फुंकी. हे मी बाररूममध्ये इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं की पुढं पुढं मी 'त्या पेटीत' असं म्हणताच दोन ज्येष्ठ वकील पाणी प्यायला उठत. आमचे शेजारी काकासाहेब, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणत, "अशी गाडी जालन्यात दुसरी न्हाई, आणि तिची गरज असलेला माणूसही न्हाई." मी हसण्यावारी नेत असे.

माझ्या वडिलांनी मात्र या पेटीबद्दल कधीच काही विचारलं नाही. दीनानाथ मास्तर म्हणून त्यांना सगळं गाव ओळखतं, आम्ही नाना म्हणतो. गाडी दारात आली त्या दिवशी ते बाहेर आले, तिच्याभोवती एक फेरी मारली, "चाकं चार आहेत," एवढं म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर आठ महिने त्यांनी तिच्यात पाऊल ठेवलं नाही. देवळात जायचं तर चालत, दवाखान्यात जायचं तर टांग्यानं. मी आग्रह केला नाही, पण मला ते फार लागलं होतं.

पौषात, बुधवारी दुपारी, मंठ्याहून माणूस आला. दुर्गाआत्यानं अन्न सोडलं होतं. वैद्यानं हात टेकले होते. ती फक्त एकच बोलत होती, दिनूला एकदा आणा.

दुर्गाआत्या नानांहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. निरोप ऐकून नाना उपरण्यानं डोळे पुसून म्हणाले, "कसा जाऊ?" कारण नानांना दमा होता, आणि त्या वर्षी थंडी अशी पडली होती की भर दुपारी उन्हात उभं राहिलं तरी वारं बोचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीला गार वारा लागला तर माझ्याकडे आणू नका, उपयोग होणार नाही. बैलगाडीनं दोन दिवस, आणि प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीला बाजूंनी नुसती कापडी कनात.

"नाना," मी म्हणालो, "माझ्या गाडीत गरम हवा येते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "बराबर येती का, जगन्नाथ?"

"बिलकुल."

"मंग येतो मी."

मला इतका आनंद झाला की आत्या आजारी आहे याचं भान ठेवून मला तो लपवावा लागला. शुक्रवारी उजाडता निघायचं ठरलं. मी लगोलग बाहेर जाऊन इंजिन सुरू केलं, पाणी तापू दिलं आणि खटका दाबला.

काहीही झालं नाही.

पुन्हा दाबला. हळू दाबला, जोरात दाबला, दाबल्यासारखं करून सोडून दिला. एव्हाना काकासाहेब काठी टेकत आले होते. त्यांनी गाडीपासून चार हातांवर उभं राहून सांगितलं, की आत वारा कोंडला असेल, बॉनेट उघडून ठेवा. बॉनेट रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी त्यात कोंबडी बसली होती.

इथं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पेटी होती पायांशी. तिच्यात पाहायचं तर गुडघे टेकून, मान वाकडी करून, डोकं बैठकीखाली घालावं लागलं असतं. रस्त्यावरून जाणारे पक्षकार पाहत असताना मी ते करणं शक्य नव्हतं. काकासाहेब शिरस्तेदार होते. तेव्हा पेटी सोडून बाकीच्या गाडीची तपासणी आम्ही उभ्याउभ्यानं फार बारकाईनं केली.

गुरुवारी सकाळी काकासाहेबांनी बद्रीनाथला बोलावलं. हा टॉकीजमध्ये मशीन चालवायचा, त्यामुळं विजेतलं त्याला कळतं असा सर्वांचा समज होता आणि त्याचाही होता. त्यानं एक काचेची नळी शोधून काढली. तिला फ्यूज म्हणतात. तिच्यातली केसाएवढी तार जळाली होती.

"ही बघा, वकीलसाहेब," बद्रीनाथ म्हणाला, "तार नाजूक, म्हणून जळती. मी जाडी तांब्याची टाकून देतो. मंग पुन्हा जळायचं नाव न्हाई घेणार."

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. साक्षीदार कच्चा असेल तर पक्का आणावा, हे आमच्या धंद्यातही चालतं. मुळात ती तार का जळाली, हे मात्र आम्हा तिघांपैकी कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

जाड तार बसली. खटका दाबला. पेटीतून 'हूंऽऽ' असा बारीक, दुखावलेला आवाज आला आणि पाठोपाठ वास.

"वास येऊन राह्यला म्हणजे करंट पोचला," बद्रीनाथ म्हणाला. "आता बंद करू नका. आठ महिने पडून ए मोटर, अखडली. तासभर चालू ठेवा, मोकळी होती."

मी ती चालू ठेवली आणि पेट्रोलच्या परवान्यासाठी कचेरीत गेलो.

लढाईचे दिवस, हैदराबाद संस्थान. पेट्रोल चिठ्ठीशिवाय मिळत नसे आणि शुक्रवारी कचेरी बंद. माझा अर्ज उर्दूत, वळणदार अक्षरात, संस्थानी कालगणनेतल्या बहमन महिन्याची तारीख घालून तयार होता. रुग्णाची भेट हे कारण पुरेसं होतं. पण मला खोटं बोलायचं नसतं तसं खरं बोलणं थांबवताही येत नाही. मी पुढं लिहिलं होतं, की अर्जदाराच्या वृद्ध वडिलांस दमा असून प्रवास गरम हवा असलेल्या मोटारीनंच शक्य आहे.

कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "वकीलसाब, ये गरम हवा क्या लिखे आप?"

मी समजावून सांगितलं.

"मतलब हवा गरम करने को पेट्रोल मंग रें? लढाई चल री, साब."

मी म्हणालो, हवेला वेगळं पेट्रोल लागत नाही, इंजिनाची ऊब फुकट असते. त्यानं शेजारच्याला बोलावलं. शेजारच्यानं वरच्या पेशकाराला. पेशकारांनी गाडीच्या नोंदीचा कागद मागवून शांतपणे वाचला आणि म्हणाले, यात चाकं आहेत, दिवे आहेत, भोंगा आहे, पेटी नाही. पेटी आहे तर नोंद का नाही? आणि नोंद नाही तर पेटी आहे असं सरकारनं कसं मानावं? मी चौदा वर्षं वकिली केली, पण असा प्रश्न मला कोणत्याही कोर्टात कोणी विचारला नव्हता. शेवटी त्यांनीच कनवाळूपणे मार्ग काढला. 'गरम हवा' हे शब्द खोडा, 'हवा' ठेवा, आणि खाडाखोडीवर सही करा. मी माझ्या गाडीतली गरम हवा स्वहस्ते रद्द केली, खाली सही केली आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

घरी आलो तो दारात गर्दी. गाडीची चारही दारं उघडी, आतून धूर, आणि माझी पत्नी शरयू रिकामी घागर घेऊन उभी.

"काय झालं?"

"तुमची गरम हवा आल्ती," ती म्हणाली. "मी पाणी ओतलं."

पुढची डावी बैठक चिंब भिजली होती. बद्रीनाथचा पत्ता नव्हता. काकासाहेब ओट्यावरून सांगत होते की आपण आधीपासून वाऱ्याबद्दलच बोलत होतो. आणि खिडकीत नाना उभे होते. त्यांनी मफलर बांधून ठेवला होता, पिशवी भरून ठेवली होती. मी मान खाली घातली.

मग मी स्वतः जिनिंग फॅक्टरीत गेलो आणि मॅनेजरच्या हातापाया पडून कचरू फिटरला दोन दिवस मागून आणलं. कचरू फॅक्टरीचं इंजिनही बघायचा आणि लॉरीही चालवायचा. त्यानं आल्याआल्या सदरा काढला, जमिनीवर गोणपाट टाकलं आणि सरळ गाडीत डोकं घालून उताणा झाला. आम्ही चार हातांवरून पाहत राहिलो. एक छोटा दिवा आणि दोन तारा एवढंच त्याचं हत्यार. दिवा फ्यूजला लावला, पेटला. खटक्याला लावला, पेटला. पेटीच्या तारेला लावला, पेटला.

"इथवर करंट येऊन राह्यला, साहेब. तारंत खोट न्हाई. आतच काई तरी धरून बसलंय."

त्यानं पेटीची दोन दारं उघडली आणि हात आत घातला. जरा चाचपडला, मनगट वळवलं, आणि बाहेर आलेली मूठ गोणपाटावर उघडली. लाल माखलेले तांदूळ. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. एक आपट्याचं पान. मग दोन बोटांनी त्यानं पंख्याच्या पात्यात अडकलेली एक वस्तू हिसडून काढली. ती सुपारी होती. हळदीकुंकवानं पुजलेली.

कचरू उठून बसला आणि त्यानं नकळत हात जोडले. "वकीलसाहेब, ह्याच्यात गणपती कोणी बसवला?"

माझा तोल गेला. दोन दिवसांचा अपमान, कोंबडी, पेशकार, घागर, सगळं एकदम वर आलं. मी तिथंच, रस्त्यावर, उलटतपासणी सुरू केली. शरयूला विचारलं, हा शहाणपणा कोणाचा? ती म्हणाली, "मी पूजा देवघरात करते, मोटारीत न्हाई." काकासाहेबांकडं पाहिलं, त्यांनी काठी आपटली. मी म्हणालो, ज्या कोणी हा गाढवपणा केला असेल त्यानं पुढं यावं, त्याच्यामुळं आज एका मरणाऱ्या बाईला...

"त्या अक्षता माझ्या आहेत," नाना म्हणाले.

ते दारात आले होते. मफलर तसाच बांधलेला.

"दसऱ्याला. तुम्ही सगळे झोपलेले होते. शस्त्रं पुजली, पोथ्या पुजल्या. मंग वाटलं, जगन्नाथची गाडीच का राहावी? चाकांना हळदकुंकू लावलं, पुसून घेतलं, तुला आवडलं नसतं. आत बघितलं तर ही दोन दारं." ते थांबले. त्यांना धाप लागली होती. "मला वाटलं, गाडीचा देव्हारा असतो तो. गणपती ठेवला आत. तुला रोज लांबलांब जावं लागतं, अंबड काय, भोकरदन काय."

कोणीही हसलं नाही. आठ महिने मी मनात म्हणत होतो की या माणसाला माझ्या गाडीचं काही नाही. मला तिथं जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण रडायलाही सवड नव्हती, कारण काकासाहेबांनी कायद्याचा मुद्दा काढला. बसवलेला गणपती असा दोन बोटांनी उचलून गोणपाटावर ठेवता येत नाही, त्याची रीतसर बोळवण झाली पाहिजे, तोवर पेटीला हात लावू नये. कचरूही म्हणाला, तोवर मी लावणार न्हाई. शरयूनं ताम्हन आणलं. नानांनी उभ्याउभ्या अक्षता वाहिल्या आणि बोळवणीचा मंत्र म्हटला. त्या मंत्राच्या शेवटी देवाला पुन्हा येण्याची विनंती असते. कचरू अदबीनं म्हणाला, "नाना, तेवढं घरच्या देवघरात या म्हणा."

मग त्यानं मोटर सोडवून बाहेर काढली. नारळाएवढं लोखंड, आणि त्यातून अजून जळका वास येत होता. त्यानं ते उघडलं. आतली तांब्याची तार काळी ठिक्कर पडली होती. कचरूनं नखानं टोकरलं तशी तिच्यावरच्या वेष्टणाची राख गळाली.

"मोटर गेली," तो म्हणाला. "आता ही हैदराबादहून मागवा, नाय तर मुंबईहून. महिना लागंल."

नाना पायरीवर बसले. "माझ्याच हातानं झालं," ते म्हणाले. "ताई वाट बघून राह्यली, आणि मीच सुपारी टाकून बसलो." त्यांनी मफलर सोडायला घेतला. गाठ सुटत नव्हती.

सगळे नानांकडं पाहत होते, आणि कोणाच्याही मनात शंका नव्हती. मीही गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. खरं सांगायचं तर मी क्षणभर गप्प राहिलोही. मग कचरूनं फ्यूजमधून काढून हातात धरलेल्या त्या जाड तांब्याच्या तारेकडं माझं लक्ष गेलं, आणि तो माझ्याकडंच पाहत होता. त्याला कळलं होतं.

"नाना," मी म्हणालो, "सुपारीनं मोटर नुसती थांबली होती. ती थांबली म्हणून बारीक तार जळाली, आणि बारीक तार जळाली म्हणून मोटर वाचली होती. सुपारी काढली असती तर आज पंखा फिरला असता. मी जाड तार टाकवून घेतली आणि चालू ठेवून निघून गेलो. मोटर मी जाळली."

"खरं आहे का हे?" नानांनी कचरूला विचारलं.

"खरं ए, नाना. वाकून बघितलं असतं तर काई झालं नसतं."

नानांचा हात मफलरवरच राहिला. मग शरयू म्हणाली, "पाणी तर अजून तापतं ना?"

"पाणी तापतं," कचरू म्हणाला. "पेटीही तापती. तिची ऊब मागं ढकलायला वारं न्हाई, एवढंच."

ती आत गेली आणि धान्य पाखडायचं सूप घेऊन आली.

शुक्रवारी उजाडता आम्ही निघालो. भिजलेली बैठक काढून टाकली होती, त्यामुळं पेटीसमोर गुडघे टेकण्यापुरती जागा झाली. मागं नाना, दोन रजयांत, शेजारी त्यांचा हात धरून शरयू. कचरू म्हणाला, "साहेब, तुम्ही चालवा, सूप मी धरतो."

"गाडी तू चालव," मी म्हणालो. "वारा मी घालतो."

काळा कोट, टोपी, नाकावर चष्मा, गुडघ्यांखाली गोणपाट, तोंड मागच्या बाजूला आणि हातात सूप, अशा अवस्थेत मी जालन्याच्या वेशीबाहेर पडलो. पेटीच्या बगलेनं सूप एका लयीत हलवलं की ऊब मागं जाई, थांबलं की थांबे. पहिल्या मैलात माझा चष्मा घामानं भरला. तिसऱ्या मैलात खांदा गेला. मी हात बदलला. नाना डोळे मिटून बसले होते, मधूनच छातीतून शीळ वाजे, आणि ती वाजली की मी जोरात सूप मारी. एकदा शरयूनं वाकून माझा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

वाटेत ओढ्याच्या उताराला म्हस्कू धनगर मेंढरं घेऊन आडवा आला. चराईच्या दाव्यात हा माझा पक्षकार, आठवड्यानं त्याची तारीख होती. कचरूनं गाडी उभी केली. म्हस्कूनं काचेला तोंड लावून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

"वकीलसाहेब, खाली काय करून राह्यले?"

"वडिलांना वारा घालतोय," मी सूप न थांबवता म्हणालो.

"येवढ्या थंडीत?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला दम नव्हता. म्हस्कूनं मेंढरं बाजूला केली, डोक्यावरची घोंगडी काढून काचेच्या फटीतून आत सरकवली आणि म्हणाला, "मास्तरांच्या पायावर टाका. तारखेला परत द्या." त्या दाव्यात मी पुढं जीव तोडून भांडलो, हे सहज सांगतो.

मंठ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नाना स्वतःच्या पायांनी उतरले. श्वास चालला होता, शीळ नव्हती. मला मात्र सरळ होता येईना. कचरूनं बगलेत हात घालून उभं केलं, तरी मी कंबरेत वाकलेलाच राहिलो. वाड्यातल्या बायका आधी माझ्यासाठीच पाट घेऊन धावल्या. त्यांना वाटलं, आजारी तो हाच.

आत्या माजघरात उजेडाकडं तोंड करून पडली होती. इतकी लहान झाली होती की पांघरूण नुसतंच अंथरल्यासारखं दिसे. नाना तिच्या उशाशी बसले आणि त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिनं डोळे उघडले. पहिल्यांदा तिनं त्यांचे हात चाचपले, मग गाल, मग मफलर.

"दिनू, ऊन ऊन लागतंय रे तुझं अंग," ती म्हणाली. "येवढ्या गारठ्यात आलास, थंडी न्हाई बाधली?"

मी दाराशी उभा होतो. कोट भिजलेला, गुडघे मातीनं भरलेले. नानांनी एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई बाधली, ताई," ते म्हणाले. "जगन्नाथ होता बरोबर."

आत्याची नजर माझ्याकडं वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सूप अजून माझ्या हातातच आहे, आणि मी ते हळूच पाठीमागं धरलं.